डिस्चार्जनंतरचे तीन महिने आणि खिशातला फोन

मृद्गंधा | सोमवार, २१:४२

बरेच दिवस लिहू की नको, लिहू की नको चाललं होतं. आज मुलं लवकर झोपली म्हणून बसले.

माझा दादा मिरजेला असतो, वय ३८. मार्चमध्ये सोळा दिवस मानसोपचार वॉर्डात होता. काय झालं, कसं झालं ते लिहीत नाही. वाचला, एवढं पुरे. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातल्या सोशल वर्कर ताईंनी मला आणि वहिनीला बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "घरी नेताय म्हणजे संपलं असं समजू नका. जपायचे दिवस आता सुरू होतात. पहिले तीन महिने तरी." मी मनात म्हटलं, मग सोडताय कशाला?

त्यांनी दादाकडून एक कागद भरून घेतला होता, त्याच्याच अक्षरात. वर "माझी सुरक्षा योजना" असा मथळा. घरी आल्यावर तो कागद फाइलीत गेला, फाइल कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली वहिनीच्या पर्समध्ये. मी पुण्यात. तेव्हा डोक्यात आलं की फोन चोवीस तास त्याच्या उशाशी असतो, मग हे फोनमध्ये का नको?

म्हणून एक अ‍ॅप शोधलं. नाव घेत नाही. स्टार भरपूर, "मराठीत उपलब्ध" असंही लिहिलेलं. उघडल्यावर पहिला प्रश्न: "आज आपण किती आशाहीन अनुभवत आहात?" दादा म्हणाला, "हे कुठल्या गावचं मराठी?" (त्या महिन्यात तो पहिल्यांदा हसला, तेवढं श्रेय अ‍ॅपला.) मग त्यानं पट्टी ओढून मधोमध आणली आणि फोन पालथा घातला. खाली लाल बटण होतं, "त्वरित मदत". ते मी स्वतः दाबून बघितलं, तर डायलवर आलेल्या नंबराच्या सुरुवातीला +१. म्हणजे मिरजेतून रात्री दोन वाजता माणसानं अमेरिकेला फोन लावायचा.

तिसरी गंमत दोन आठवड्यांनी कळली. रोजचे प्रश्न येणंच बंद झालं होतं. फोनच्या बॅटरी सेव्हरनं अ‍ॅपला झोपवून टाकलं होतं. आम्हाला वाटत होतं दादा नियमित उत्तरं देतोय. दादाला वाटत होतं, सुटलो.

इथे डॉक्टर आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्याला जपायच्या ह्या कामात फोनचा खरोखर उपयोग होतो का? कोणी वापरून पाहिलंय?

संपादक मंडळ | सोमवार, २२:०५

विषय नाजूक आहे. पद्धती, साधनं यांचा उल्लेख असलेले प्रतिसाद न विचारता काढले जातील. वाचणाऱ्यांपैकी कोणाला आत्ता बोलायची गरज असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. जिवाला धोका असेल तर ११२ किंवा जवळचं हॉस्पिटल.

कोकणकडा | सोमवार, २२:१८

वाचतोय. ताई, लिहिलंत हे बरं केलंत.

ओपीडीतला | सोमवार, २३:३०

मी मानसोपचारात आहे, सरकारी ओपीडी, दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट. एवढ्यांना डिस्चार्जनंतर रोज विचारपूस करायला माझ्याकडे माणसं नाहीत. त्यामुळे फोनकडे मी आशेनं बघतो. पण अटी आहेत.

आधी तुमच्या मनातला प्रश्न. सोडतो कारण माणूस शेवटी घरीच सावरतो, आणि खाटाही मोजक्याच असतात. दोन्ही कारणं खरी आहेत. ताईंनी तीन महिने म्हटलं तेही उगाच नाही. शंभर अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला हिशोब आहे: मनोविकार विभागातून सुटलेल्या रुग्णांत पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचा दर लाखामागे वर्षाला ११००च्या वर जातो. आपल्या देशाचा एकूण दर २०२२ मध्ये लाखामागे १२.४ होता. तुलना सरळसोट नाही, पण त्या तीन महिन्यांचं वजन कळावं.

आता तो कागद. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो घडवला. आधी माझं बिघडायला लागलंय हे मला कशावरून कळतं, ते स्वतःच्या शब्दांत. मग एकट्यानं करता येईल असं काही. मग मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा, तिथे काही सांगायची गरज नाही, चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी चालतं. मग ज्यांच्याजवळ खरं बोलता येईल अशी माणसं. मग डॉक्टर आणि हेल्पलाइन. आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोणाच्या ताब्यात राहतील, हे. ही शेवटची ओळ घरच्यांनी सगळ्यात गंभीरपणे घ्यायची. क्रम असा लावलाय की एक पायरी पुरली नाही तर पुढची. आणि फारच बिघडलं असेल तर पायऱ्या मोजत बसायचं नाही, थेट मदत.

२०१८ मध्ये याचा मोठा अभ्यास आला. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांपैकी पाचांच्या तातडीच्या विभागांत हा कागद भरून घेतला आणि नंतर फोन करत राहिले. नेहमीची सेवा मिळालेल्यांच्या तुलनेत सहा महिन्यांत आत्महत्येच्या दिशेनं जाणारं वर्तन सुमारे ४५ टक्के कमी दिसलं. कागद अधिक फोन, हे लक्षात घ्या. कपाटातल्या फाइलीत ठेवलेल्या कागदाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

जाता जाता एक. नातेवाईक हमखास शपथ घालतात. "माझ्या गळ्याची शपथ, परत असं करणार नाहीस." कृपा करून घालू नका. विचार शपथेनं थांबत नाहीत, ते फक्त तुम्हाला सांगणं थांबतं.

फोनचा खरा फायदा मला वेगळ्या जागी दिसतो. आम्ही महिन्यातून एकदा विचारतो, "तसे विचार येतात का?" पेशंट सांगतो, नाही. खोटं नसतं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, माझ्यासमोर बसलेला असताना, नसतात. हार्वर्डच्या मॅथ्यू नॉक आणि इव्हान क्लाइमन यांच्या गटानं फोनवरून दिवसातून चार वेळा विचारून बघितलं. २०१७ मध्ये छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसलं की हे विचार काही तासांत चढतात आणि उतरतात. महिन्यातून एकदा समुद्रावर जाऊन भरतीचं वेळापत्रक मांडावं, तसं आमचं चाललं होतं.

आणि विचारल्यामुळे डोक्यात भरतं ही भीती सोडा. त्यावरचे अभ्यास तपासून झालेत, तसं दिसत नाही. सरळ शब्दांत विचारा.

शंकासुर | मंगळवार, ०७:५०

डॉक्टरसाहेब, आदर आहेच. पण इंजिनिअर म्हणून दोन खडे टाकतो.

पहिला खडा गणिताचा. हल्ली "आमचं एआय आधीच ओळखतं" अशा जाहिराती येतात. आकडे माझे, उदाहरणापुरते: १००० पेशंट, महिन्याभरात त्यातल्या १० जणांवर खरं संकट येणार. अ‍ॅप दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक, म्हणजे आज कोणाचंही नसेल इतकं चांगलं. दहातले नऊ पकडले, छान. उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांच्या घरी खोटी घंटा. एकूण १०८ घंटा, त्यात खऱ्या ९. तिसऱ्या खेपेला वहिनी फोन उशीखाली सारून झोपणार. लांडगा आला रे आला. आणि तो दहावा, ज्याची घंटा वाजलीच नाही, त्याच्या घरचे "अ‍ॅप हिरवं दाखवत होतं" म्हणून निर्धास्त.

माणसांनाही हे कधी जमलेलं नाही. ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की आत्महत्येचा अंदाज नाणं उडवण्यापेक्षा थोडाच बरा येतो.

दुसरा खडा. मनातलं सगळ्यात खासगी तुम्ही कोणाच्या सर्व्हरवर ठेवताय? अमेरिकेतली क्रायसिस टेक्स्ट लाइन ही संकटातल्या लोकांशी मेसेजवर बोलणारी धर्मादाय संस्था. तिथल्या संभाषणांचा डेटा, नावं काढून का होईना, तिच्याच धंदेवाईक भावंड कंपनीला दिला जात होता. २०२२ च्या जानेवारीत बोंबाबोंब झाल्यावर बंद केला. पुढच्याच वर्षी बेटरहेल्प ह्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला तिथल्या व्यापार आयोगानं ७८ लाख डॉलर भरायला लावले, ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरेंना दिली म्हणून. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. मिरजेतल्या दादानं त्याखाली कुठे तक्रार करायची, सांगा.

सुगरण_पक्षी | मंगळवार, ०८:१५

शंकासुर, मुद्दे बरोबर, पण ताई माहिती विचारायला आल्यात. जरा हळू.

चार्ल्सकाठी | मंगळवार, ०९:०५ (बोस्टन वेळ)

इथे बोस्टनला डेटाचं काम करतो, दोन वर्षं ह्याच विषयात काढलीत. शंकासुरांच्या गणितात चूक नाही. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात नवीन माणसाला तेच करून दाखवतात.

पण "फोन ओळखतो" म्हणजे काय ओळखतो ते सांगतो. प्रश्न विचारणं हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात काही विचारतच नाहीत. माणूस दिवसात किती तास घरात होता, रात्री स्क्रीन कितीदा उजळली, किती फोन झाले (काय बोलला ते नाही, फक्त किती), हालचाल केव्हा थांबली आणि केव्हा सुरू झाली. त्यावरून झोप आणि माणसांत मिसळणं यांचा अंदाज. हार्वर्डच्या युक्का-पेक्का ओनेला यांच्या गटाचं बेवी, जॉन टोरस यांच्या गटाचं माइंडलॅम्प ही त्यासाठीची साधनं. माइंडलॅम्प घेऊन बोस्टन, बेंगळुरूची निम्हान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) आणि भोपाळमधली संगाथ (मूळची गोव्याची संस्था) यांनी मिळून स्किझोफ्रेनिया उलटतोय का ते आधी कळेल का, याचा अभ्यास केला. तो आत्महत्येचा अभ्यास नव्हता, पण आपल्या देशात असं काही चालवून बघितलं गेलंय, एवढं सांगायचं होतं.

आता मखलाशी न करता दुसरी बाजू. आलेखात माणूस तीन दिवस घराबाहेर पडलेला नसतो. कधी तो खरंच अंथरुणात असतो, कधी फोन घरी चार्जिंगला ठेवून मामाच्या गावाला गेलेला असतो. रात्री दोनपर्यंत स्क्रीन चालू असते ती कधी झोप लागत नाही म्हणून, कधी धाकट्यानं गेमसाठी फोन पळवला म्हणून. एक माणूस एक फोन हे गृहीतक इथे ठीक. आपल्याकडे एका फोनवर आई, मुलगा आणि शाळेचा ग्रुप असतो.

माझं मत: हा आलेख "आज एक फोन करून बघा" एवढंच सांगायला चांगला. खोटी घंटा वाजली तरी नुकसान काय, कोणीतरी विनाकारण ख्यालीखुशाली विचारली. तीच घंटा पोलिसांना दारात आणणार असेल तर मी ती वाजू देणार नाही.

ओपीडीतला | मंगळवार, २२:४०

चार्ल्सकाठींशी शंभर टक्के सहमत. "विनाकारण ख्यालीखुशाली" हा तर जुना उपचार आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं वॉर्डातून सुटून पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून पत्रं धाडली. दोन-तीन ओळी, कसे आहात, काही कळवावंसं वाटलं तर आनंद होईल. औषधाबद्दल अक्षर नाही, अपॉइंटमेंटची टोचणी नाही. पहिली दोन वर्षं त्या गटात आत्महत्या लक्षात येण्याइतक्या कमी झाल्या, पुढे फरक पुसट होत गेला.

आपल्या जवळचं उदाहरण चेन्नईचं. जागतिक आरोग्य संघटनेनं ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन अशा पाच देशांत एक प्रयोग केला, भारताचं केंद्र चेन्नई. प्रयत्नातून वाचलेल्या १८६७ जणांपैकी अर्ध्यांना सुटताना तासभर नीट बोलून, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ मध्ये निकाल आला. दीड वर्षात आत्महत्येनं गेलेले, नेहमीच्या गटात २.२ टक्के, ह्या गटात ०.२ टक्के. नऊ संपर्क! तोही साध्या फोनच्या जमान्यात.

नंतर अमेरिकन सैनिकांना हेच मेसेजवरून करून बघितलं, ६५८ जण, निकाल २०१९ चा. मुख्य निकषांवर फरक पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण वर्षभरात प्रयत्न करणारे मेसेजवाल्या गटात ९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के.

पोलिसांचं निघालं म्हणून: ती भीती अजून लोकांच्या मनात आहे आणि तीपायी कितीतरी जण दवाखान्यात खरं सांगत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर प्रचंड ताण होता असंच धरून चालायचं ठरवलं. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ नाहीच. घाबरू नका, खरं सांगा.

वऱ्हाडातली | बुधवार, १३:२०

अमरावती जिल्ह्यात आरोग्याच्या कामात आहे, तेरा वर्षं झाली. तुमचं बोस्टन वाचून छान वाटलं, आता आमचंही ऐका.

आमच्याकडे विश्राम नावाचा प्रकल्प झाला, जिल्ह्यातल्या ३० गावांत. गावातलेच लोक शिकवून तयार केले, ते घरोघरी जायचे, बोलायचे, गरज असली तर डॉक्टरपर्यंत न्यायचे. आधी डिप्रेशनवाल्या शंभरातले चार जण उपचार घेत होते, नंतर सत्तावीस. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. लॅन्सेटच्या मानसोपचाराच्या अंकात छापून आलं २०१७ ले. अ‍ॅप नव्हतं बाप्पा त्याच्यात, चपला झिजल्या.

म्हणून फोन कामाचा नाही असं नाही म्हणत मी. नाशिककडे पेठ तालुक्यात पुण्याच्या संस्थेनं आत्मीयता म्हणून काम केलं. त्यात गावातल्या स्वयंसेवकांकडे स्मार्टफोन दिले आणि त्यात छोट्या छोट्या फिल्म भरून दिल्या. ओसरीवर बसायचं, फिल्म दाखवायची, मग ज्याचं दुखतं तो आपसूक बोलते. तिथं फोन माणसाच्या जागी नाही बसला, दोघांच्या मधे बसला.

आता मले रोज दिसते ते सांगते. पेपरात आमचा जिल्हा आला की शेतकरी येतो, ते खरंच आहे. पण २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशात सगळ्यात मोठा गट रोजमजुरीवाल्यांचा होता, एक चतुर्थांशाहून जास्त. आणि महाराष्ट्र पहिला, २२,७४६. ह्या मजुराकडे कोणतं अ‍ॅप टाकता? बटणाचा फोन असते. त्यात काय होते? २ चं बटण दाबून धरलं की बायकोले लागते, ३ दाबून धरलं की आशाताईले, ४ ले १४४१६. एवढं मी स्वतः लावून देते, पाच मिनिटं लागतात. पेशंट वाचता न येणारा असला तरी चालते.

आणि सगळ्यात मोठी अडचण कोणीच लिहिली नाही. रिचार्ज. पॅक संपला की थोड्या दिवसांत इनकमिंगपण बंद होते. डॉक्टर साहेब चेन्नईसारखे नऊ फोन करतील हो, पण पलीकडून बाई सांगते "ह्या क्रमांकावर सेवा उपलब्ध नाही". मागच्या उन्हाळ्यात एका पोराचा फोन लागेना, आम्ही तिघी धास्तावून भर उन्हात गेलो, तर तो बाजेवर बसून आंबा खात होता. पैसे नव्हते टाकायले. त्या दिवसापासून यादीतल्या लोकांच्या रिचार्जची तारीख माझ्या डायरीत असते.

चार्ल्सकाठी | बुधवार, ०८:१० (बोस्टन वेळ)

रिचार्ज! आमच्या कुठल्याच मॉडेलमध्ये हे नाही. नमस्कार घ्या.

निनावी_७३ | बुधवार, २३:५५

नवीन आयडी घेऊन लिहितेय, समजून घ्या.

तुम्ही सगळे ज्याला "पेशंट" म्हणताय ती मी. तीन वर्षं झाली. आज ठीक आहे, नोकरी करते, गोळ्या चालू आहेत.

माझ्या फोनमध्ये असं अ‍ॅप होतं, हॉस्पिटलनंच दिलेलं. दिवसातून तीन वेळा विचारायचं, शून्य ते दहा. पहिल्या आठवड्यात एकदा मी खरं ते लिहिलं. आठ. अर्ध्या तासात नवरा ऑफिसातून घरी, सासूबाई दारात, शेजारच्या काकू "काय झालं, काय झालं" करत आत. कोणी माझ्याशी बोललं नाही, सगळे माझ्याबद्दल बोलत होते. नंतर मी शिकले. तीन लिहायचं. शून्य लिहिलं तर डॉक्टरला संशय येतो, पाच लिहिलं तर नवऱ्याला मेसेज जातो, तीन बरोबर. सहा महिने मी तीन होते. आणि रोज तीन लिहिलं की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडायचे, "शाब्बास! सलग चाळीस दिवस!"

शंकासुर खोट्या घंटेचं बोलले. घंटा वाजल्यावर काय होतं, ते माणसाला माहीत झालं की तो घंटेवरच हात ठेवतो.

मग वाचवलं कशानं, विचाराल. दोन गोष्टी सांगते. डॉक्टर म्हणतात ते तासांचं अगदी खरं आहे. लाट येते तेव्हा वाटतं हे असंच राहणार, कायमचं. माझ्या समुपदेशक बाईंनी बऱ्या दिवशी, माझ्याच आवाजात, माझ्याच फोनवर रेकॉर्ड करून घेतलं होतं. एक मिनिट दहा सेकंद. "तू आत्ता जे ऐकतेयस ते तूच बोलतेयस. मागच्या वेळीही असंच वाटलं होतं, सकाळी उतरलं होतं. आता उठून दिवा लाव, पाणी पी, आणि मावशीला फोन कर, ती जागी असते." दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, तुला काय कळतंय. स्वतःशी भांडता येत नाही. किंवा येतं, पण तेवढ्यात वेळ जातो, आणि वेळच घालवायचा असतो.

दुसरी ती मावशी. तिला गुडघ्यामुळे झोप नाही. रात्री अडीचला फोन केला तरी "एवढ्या रात्री?" म्हणत नाही, "बरं झालं गं, मी पण जागीच होते" म्हणते. आम्ही तेव्हा लोणच्याच्या मसाल्यावर बोललोय, तिच्या भाडेकरूवर बोललोय. "तो" विषय ती काढते, पण तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, सरळ. "आज तसं वाटतंय का गं?" मी हो म्हटलं की ती घाबरत नाही. म्हणते, "मग उजाडेस्तोवर फोन ठेवायचा नाही." एकदा चार्जर लावून खरंच पावणेपाच वाजवले. सकाळी आठला तीच मला घेऊन डॉक्टरकडे गेली.

शंकासुर | गुरुवार, ००:३०

निनावी ताई, माझ्या दोन्ही खड्यांपेक्षा तुमचा एक परिच्छेद जड आहे. धन्यवाद. (आणि हो, ते उडणारे कागद ज्यानं कोड केले त्याला मी ओळखत असेन असं वाटून लाज वाटली.)

ओपीडीतला | गुरुवार, ०६:४५

"तीन लिहायचं" हे मी आज वॉर्डराउंडला ज्युनिअर्सना सांगणार आहे, तुमची ओळख न देता. चालेल ना?

निनावी_७३ | गुरुवार, ०९:१०

सांगा. आणि विचारताना आकडा विचारू नका म्हणावं. "काल रात्र कशी गेली" विचारा.

जिज्ञासू_कोल्हापुरी | गुरुवार, ११:२५

एक व्यावहारिक शंका. मग तयार अ‍ॅप घ्यायचं की नाही? माझ्या मेव्हण्यासाठी विचारतोय.

ओपीडीतला | गुरुवार, २१:१५

घेऊ नका असं नाही. ऑस्ट्रेलियातलं बियॉन्ड नाऊ, डेन्मार्कमधलं मायप्लॅन यांच्यासारखी सुरक्षा योजनेवरच बेतलेली अ‍ॅप तिथे नीट वापरात आहेत, कारण तिथल्या सेवेशी जोडलेली आहेत. पण दुकानातून उचलताना जपून. २०१९ मध्ये संशोधकांनी डिप्रेशन आणि आत्महत्या प्रतिबंधाची ६९ अ‍ॅप तपासली. प्रतिबंधाच्या मान्य सहाही गोष्टी असलेली फक्त पाच निघाली. सहा अ‍ॅपमध्ये हेल्पलाइनचा नंबरच चुकीचा, त्यातली दोन दहा लाखांवर डाउनलोडवाली. मृद्गंधा ताईंचं +१ त्याच जातीचं. लाल बटण आधी स्वतः दाबा, चांगल्या दिवशी. बाकी टेलिमानसचं सरकारी अ‍ॅप ऑक्टोबर २०२४ मध्ये आलंय, आणि नुसता १४४१६ लावला तरी काम होतं. नवा चॅटबॉट "मित्र" म्हणून कोणी सुचवला तर गोळ्यांच्या डबीजवळ फिरकू देऊ नका, असं माझं वैयक्तिक मत.

मृद्गंधा | शनिवार, २२:३०

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर.

गुरुवारी रात्रीच मिरजेला आले. तो कागद कपाटातून काढला आणि दादाला म्हटलं, हे पुन्हा लिहू, तुझ्या भाषेत. "धोक्याची लक्षणे" खाली पहिल्या वेळी त्यानं लिहिलं होतं "नैराश्य, एकाकीपणा". आता लिहिलं, "दाढी करायची राहते. दुकानाचं शटर उघडून आत बसून राहतो, लाइट लावत नाही. आईचा फोन कट करतो." वहिनी वाचत होती, ती म्हणाली, "हे तर मला दिसत होतं." एवढंच म्हणाली आणि उठून कुकर लावायला गेली.

त्या पानाचा फोटो काढून त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याच नावाच्या चॅटमध्ये टाकला आणि चॅट सगळ्यात वर पिन केलं. पडद्यावर तीन माणसं लावली, एका टिचकीत फोन लागेल अशी. १४४१६ मी लावून बघितला, मराठीत बोलल्या बाई. निनावी ताईंचं रेकॉर्डिंग त्याला सांगितलं. आधी नको म्हणाला, मग मागच्या अंगणात जाऊन एकटाच करून आला. मी ऐकलेलं नाही. घरातल्या ज्या वस्तूंचं बोलायचं होतं त्या मामांकडे गेल्या.

वहिनी त्याचं लोकेशन गुपचूप बघत होती. ते त्याला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं की त्याला माहीत आहे. आता उघड ठरलंय. दुकान ते घर एवढंच, आणि उशीर झाला तर त्यानं आधी सांगायचं. भांडण झालं त्यावरून थोडं, पण झालं ते बरंच.

मोटोंच्या पत्रांचं वाचून आईला म्हटलं, तू रोज एक मेसेज कर. तिला टाइप येत नाही, ती बोलून पाठवते. काय म्हणू, विचारत होती. म्हटलं, तुला जे म्हणायचं ते. तिचा मेसेज काल दुपारी आला, सहा सेकंदांचा: "जेवलास का?" आजही तोच. डॉक्टर, ह्यात औषधाचं अक्षर नाही, अपॉइंटमेंट नाही, बसतं ना नियमात?

दादाचं आणि माझं वेगळं ठरलंय. त्यानं नुसतं "चहा?" लिहिलं की मी फोन करायचा, कितीही वाजले असोत, आणि पहिली पाच मिनिटं काही विचारायचं नाही. पाच मिनिटांनी मात्र सरळ विचारणार, हेही त्याला सांगितलंय.

ओपीडीतला | शनिवार, २२:५०

बसतं. आईंना सांगा, डोस चुकवू नका.

वऱ्हाडातली | रविवार, ०७:१५

सगळं चांगलं केलं ताई. दादाचा रिचार्ज कधी संपते ते लिहून ठेवलं का?

मृद्गंधा | रविवार, ०९:४०

हो! २८ दिवसांचा पॅक आहे, तारीख दर वेळी सरकते, म्हणून वहिनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लाल पेनानं "दादा" लिहिलंय. पुढच्या पानावरही.